माहिती चित्रात अडकवू नका, अक्षरांत द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नाशिक
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण
मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक

विषय : पूर, सिंहस्थ आणि रोजचा कारभार यांविषयीची सार्वजनिक माहिती दिव्यांग नागरिकांना स्वतः वाचता, ऐकता, समजून घेता आणि पुढे पाठवता यावी याबाबत.

महोदय,

नाशिकला पूर किती आला हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून ठरते. पाणी पायांशी आले, गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीवर चढले, मारुती बुडाला. या पायऱ्या शहरातल्या लहान पोरालाही पाठ असतात. सराफ बाजारातला दुकानदार त्यावरूनच माल वर हलवायचा की नाही ते ठरवतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की काही मिनिटांत मारुतीचा फोटो व्हॉट्सॲपवर शहरभर फिरतो. तो आमच्याही फोनवर येतो. आमच्यातल्या दृष्टिहीन सभासदांचा फोन तो उघडून एवढेच सांगतो : ‘फोटो’. मग आम्ही गटावर विचारतो, “कुठवर आलंय?” आणि कुणीतरी सवडीने टाइप करते, “कमरेला.”

तो एक शब्द कुणाच्या सवडीवर न राहता अधिकृत यंत्रणेने फोटोसोबत स्वतःच लिहावा, ही या मागणीपत्राची मूळ मागणी आहे. पुढच्या बहुतेक मागण्या तिच्यातूनच निघतात.

आमची संघटना नाशिक जिल्ह्यातल्या दृष्टिहीन, अल्पदृष्टी आणि कर्णबधिर व्यक्तींची, सेरेब्रल पाल्सीमुळे हातांवर पुरता ताबा नसलेल्यांची, तसेच बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांची आहे. सभासद शहरात आहेत, तसे निफाड, सिन्नर, मालेगाव, सुरगाण्यातही आहेत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. त्या वेळी अपंगत्वाचे ८ प्रकार धरले होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मान्य केले, म्हणजे खरी संख्या त्याहून मोठी असणार. तरीही कार्यालयांत गेल्यावर “तुम्ही मोबाइल वापरता?” असा प्रश्न अजून विचारला जातो, आणि विचारणारा तो कौतुकाने विचारतो. या पत्राचे वाचक तसे विचारणार नाहीत असे धरून चालतो. पण फोन आम्हाला कसा वाचून दाखवतो हे दोन ओळींत सांगितल्याशिवाय पुढच्या मागण्या कळणार नाहीत.

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय मुळातच असते. ती सुरू केली की बोट जिथे जाईल तिथला मजकूर फोन मोठ्याने वाचतो. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. दोन्हींना मराठी वाचता येते. उच्चार कधी हेंगाडे असतात, पण कान सरावतात. मात्र ही यंत्रे वाचतात ती अक्षरे. कागदाच्या फोटोतली अक्षरे यंत्राच्या लेखी अक्षरे नसतात, ठिपके असतात.

मजकूर असतो, तो वाटेत मारला जातो

खरी चीड येते ती इथे. कार्यालयातली प्रत्येक सूचना आधी संगणकावर टाइप होते. त्या क्षणी ती आमच्यासाठी पूर्णपणे वाचनीय असते. मग तिची छापील प्रत निघते, साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो, आणि तो कागद स्कॅन होऊन पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढतो, किंवा कुणीतरी टेबलावर ठेवून त्याचा मोबाइलने तिरका फोटो काढतो आणि तोच गटांवर सोडतो. आमचा संगणक ती पीडीएफ उघडून सांगतो की दस्तऐवज रिकामा आहे. चार पानांच्या जाहीर सूचनेत, यंत्राच्या मते, काहीच नसते. मूळ फाइल मात्र त्याच कार्यालयातल्या त्याच संगणकात पडून असते.

सहीची गरज आम्हाला कळते. खोट्या सूचनांच्या काळात शिक्का हवाच. पण सहीची स्कॅन प्रत आणि तिच्याखाली तोच मजकूर, असे दोन्ही टाकायला कुणाची हरकत आहे? डिजिटल स्वाक्षरी असेल तर स्कॅनचीही गरज उरत नाही.

दुसरा अडथळा जुन्या फॉन्टचा. कृती देव, शिवाजी, सुरेख या फॉन्टांत टाइप केलेले मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. स्क्रीन रीडर ती जशीच्या तशी वाचतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, फोन बिघडला. असा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही, म्हणजे डोळस माणसालाही शोधून मिळत नाही. युनिकोड येऊन इतकी वर्षे झाली, तरी ‘आमचा टायपिस्ट त्याच फॉन्टला सरावलाय’ हे कारण ऐकावे लागते. टायपिस्टवर आमचा राग नाही. कार्यालयाने त्याला चार दिवस इनस्क्रिप्टचा सराव करू दिला असता तर प्रश्न मिटला असता.

मागणी १. आपल्या अखत्यारीतली प्रत्येक जाहीर सूचना, निविदा, आदेश, लाभार्थी यादी आणि वेळापत्रक युनिकोड मराठी मजकुरात प्रसिद्ध व्हावे. स्कॅन प्रत सोबत असल्यास चालेल, एकटी चालणार नाही. जुन्या फॉन्टांतले दस्तऐवज एका दमात बदलता येणार नाहीत हे मान्य. दिव्यांग योजना, निवृत्तिवेतन, आरोग्य आणि आपत्ती या विषयांपासून सुरुवात करावी.

मागणी २. समाजमाध्यमांवर टाकलेल्या प्रत्येक चित्राखाली त्यातला मजकूर लिहावा. ‘अधिक माहितीसाठी फोटो पाहा’ हे वाक्य कोणत्याही सरकारी संदेशात नसावे. तसेच सूचनेच्या डोक्यावर लाल दिवे, घंटा आणि भोंगे यांच्या चिन्हांची रांग लावू नये. फोन त्यातल्या प्रत्येकाचे नाव एकेक करून वाचतो. डोळस वाचणाऱ्याची नजर ती रांग सहज ओलांडते, ऐकणाऱ्याला ती पूर्ण ऐकावीच लागते.

हा प्रश्न शहरापुरता नाही. निफाड तालुक्यातला आमचा एक सभासद दृष्टिहीन आहे आणि कांदा पिकवतो. लासलगावच्या लिलावानंतर किमान, कमाल आणि सरासरी भावाचा तक्ता फोटो होऊन गटागटांतून फिरतो. माल आज न्यायचा की दोन दिवस थांबायचे, हा त्याचा निर्णय. पण तक्त्यातले तीन आकडे कळण्यासाठी त्याला पुतण्याची शाळा सुटायची वाट पाहावी लागते. तीन आकडे टाइप करायला किती वेळ लागतो? बाजार समित्या या पत्राच्या प्रति-यादीत नाहीत, तरी जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या समित्यांना याबाबत पत्र लिहावे अशी विनंती करतो.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी प्रत्येकाकडे विधी अधिकारी आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ४२ सांगते की ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम स्वरूपात मिळावा यासाठी शासनाने उपाय करायचे आहेत. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३मध्ये आली, त्याच वर्षी आयएस १७८०२ हे भारतीय मानक नियमांत समाविष्ट झाले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि किमान बंधनकारक निकष वेगळे काढायला केंद्राला सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात, ज्यासोबत दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिकाही ऐकली गेली, त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानून २० निर्देश दिले.

पण नाशिकसाठी आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत कमी उच्चारले जाणारे, याच अधिनियमाचे कलम ८ आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांचा तपशील ठेवायचा आणि धोक्याची परिस्थिती त्यांना कळवण्यासाठी योग्य उपाय करायचे, असे ते सांगते. यादी ठेवणे आणि कळवणे, दोन्ही. आमच्या सभासदांना पुराची खबर आजवर शेजाऱ्याने दिली आहे, मुलाने दिली आहे, रिक्षावाल्याने दिली आहे. कायद्याने ज्याने द्यायची त्याच्याकडून ती कधी आली, असे बैठकीत विचारले तेव्हा कुणीच हात वर केला नाही.

मागणी ३. कलम ८ खालची यादी तयार करून दर पावसाळ्यापूर्वी ताजी करावी. वैश्विक ओळखपत्राच्या नोंदी, संजय गांधी निराधार योजनेच्या याद्या आणि ग्रामपंचायतींच्या दिव्यांग नोंदवह्या यांतून ती उभी करता येईल. यादीत प्रत्येकापुढे एकच जास्तीचा रकाना हवा : सूचना कशी हवी? लेखी संदेश, बोलका फोन, सांकेतिक भाषेतला व्हिडिओ की प्रत्यक्ष माणूस. ही यादी गोपनीय राहावी. एकट्या राहणाऱ्या दृष्टिहीन बाईचा पत्ता गटावर फिरणे हे पुराइतकेच धोक्याचे आहे.

मागणी ४. पूरस्थितीत ठरावीक अंतराने एकाच साच्यातली लेखी सूचना निघावी. साचा आम्ही सुचवतो :

‘दिनांक, वेळ. गंगापूर धरणातून अमुक क्युसेक विसर्ग सुरू. होळकर पुलाखाली अमुक क्युसेक. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी, वाढते आहे. रामकुंड, गौरी पटांगण, भांडी बाजार परिसरात जाऊ नये. मदतीसाठी अमुक क्रमांक, संदेशही चालेल. पुढची सूचना दुपारी १२ वाजता.’

शेवटचे वाक्य आमच्या मते सर्वांत मोलाचे. ज्याला खिडकीतून नदी दिसत नाही त्याला सूचना न येण्याचा अर्थ लावता येत नाही : पाणी उतरले म्हणून शांतता आहे, की कळवणारा झोपला म्हणून?

सिंहस्थ पावसाळ्यात येतो

जाहीर वेळापत्रकानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण आहे. अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२७मध्ये ११ तारखेला नाशिकला, १२ला त्र्यंबकेश्वरी. नाशिकचा सिंहस्थ भर पावसाळ्यात येतो हे इथल्या कुणालाच नवे नाही, पण तारखा शेजारी मांडल्या तर अंगावर काटा येतो. २०१६चा मोठा पूर २ ऑगस्टचा. २०१९चा ४ ऑगस्टचा. म्हणजे गर्दीची सूचना आणि पाण्याची सूचना एकाच तासात द्यायची वेळ येऊ शकते.

२७ ऑगस्ट २००३ रोजी, त्या वेळच्या सिंहस्थात, सरदार चौक परिसरातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. गर्दीत माणसाला जगवते ती पुढे काय चालले आहे याची खबर. आपण डोळ्यांनी पाहतो की पुढचे लोक थांबले आहेत, कानांनी ऐकतो की पोलीस मागे सरा म्हणताहेत. ज्याचे एक ज्ञानेंद्रिय चालत नाही त्याला दुसऱ्यावर विसंबावे लागते. म्हणून एकाच माध्यमातली सूचना नेहमी कुणालातरी वगळते. भोंग्यावरची घोषणा कर्णबधिराला ऐकू येत नाही. विजेच्या फलकावर सरकणारी ओळ दृष्टिहीनाला दिसत नाही, आणि अल्पदृष्टी असलेल्याला ती सरकते म्हणूनच वाचता येत नाही. घोषणा आणि फलक दोन्ही, एकाच वेळी, एकाच मजकुराचे असले तरच भागते.

मागणी ५. कुंभमेळा प्राधिकरणाने मार्ग, वाहनतळ, घाट आणि परतीच्या वाटा यांचे नकाशे काढावेत, त्यासोबत प्रत्येक नकाशाचे लेखी वर्णन द्यावे. कुठून निघायचे, कोणत्या चौकात कोणत्या हाताला वळायचे, साधारण किती मीटर, वाटेत पायऱ्या आहेत की उतार, चाकाची खुर्ची कुठपर्यंत जाते, बॅरिकेड कुठे आहे, स्वच्छतागृह कुठे. रामकुंडावर आणि कुशावर्तावर पाण्यापर्यंत किती पायऱ्या आणि कठडा कोणत्या बाजूला, हेही. असे वर्णन परगावच्या डोळस म्हाताऱ्यालाही नकाशापेक्षा जास्त कामी येते. लांब राहणाऱ्या लेकीला तो ते फोनवर वाचून दाखवू शकतो.

मागणी ६. हरवले-सापडले केंद्रांवर सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती असावी. बोलू न शकणाऱ्या किंवा स्वतःचे नाव सांगू न शकणाऱ्या मुलासाठी भोंग्यावरून नाव पुकारण्याची पद्धत निरुपयोगी ठरते. अशा मुलाच्या मनगटावर बांधता येईल अशी पट्टी, जिच्यावरचा क्रमांक फक्त केंद्राच्या यंत्रणेत उलगडेल, पालकांना आधीच मिळावी. पट्टीवर घरचा पत्ता आणि मोबाइल उघड छापू नये.

२०१५च्या सिंहस्थाआधी नाशिकचेच रमेश रासकर यांच्या पुढाकाराने, एमआयटी मीडिया लॅबच्या सहभागाने, कुंभथॉन भरले होते आणि शहरातल्या तरुणांनी गर्दी, निवास, आरोग्य यांवर डोके चालवले होते. या वेळीही तशी ॲपे येतील, येऊ द्यावीत. प्रयागराजच्या २०२५च्या महाकुंभात ११ भाषांत उत्तरे देणारा चॅटबॉट होता. नाशिकलाही तसा काही असेल. आमचे म्हणणे इतकेच की चॅटबॉट उत्तर देतो ते त्याला पुरवलेल्या मजकुरावरून. मजकूर स्कॅनमध्ये गाडलेला असेल तर बॉटही आमच्याइतकाच आंधळा राहील.

इथे एक आक्षेप आम्ही हल्ली फार ऐकतो, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. “आता एआय फोटो वाचून सांगते की, मग एवढा अट्टहास का?” होय, सांगते, आणि आम्ही ते रोज वापरतो, डब्यावरचे नाव, शर्टाचा रंग, दारावरची पाटी. पण ते अंदाज बांधते, आणि मराठी हाताने लिहिलेल्या फलकावर ३ आणि ८मध्ये चुकते. क्युसेकचा आकडा आणि शेवटची तारीख अंदाजाने कळून चालत नाही. शिवाय लाखोंच्या गर्दीत नेटवर्क कोसळले की फोटो वर चढत नाही. दोन ओळींचा एसएमएस मात्र वाट काढतो.

कर्णबधिरांसाठी अक्षर पुरेसे नाही

आतापर्यंत आम्ही अक्षरांचा आग्रह धरला. आता त्याची मर्यादा सांगणे भाग आहे. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे. तिचे व्याकरण मराठीचे नाही. लेखी मराठी त्यांच्यासाठी शाळेत कष्टाने शिकलेली दुसरी भाषा असते, आणि ‘पुढील आदेश होईपर्यंत सदर मार्ग वाहतुकीस प्रतिबंधित करण्यात येत आहे’ हे वाक्य त्यांना जितके दूरचे वाटते तितकेच ते आम्हा बाकीच्यांनाही वाटते, फक्त आम्ही ते कबूल करत नाही. कर्णबधिर सभासद आपापसांत माहिती कशी देतात हे पाहिले की मार्ग आपोआप दिसतो : व्हिडिओ कॉल आणि पंधरा-वीस सेकंदांचे हातांनी बोललेले व्हिडिओ. खबर पोचवण्यात ते आमच्या गटांपेक्षा चपळ आहेत.

मागणी ७. नेहमी लागणाऱ्या इशाऱ्यांचे (पूर, रस्ता बंद, गर्दी थांबवली, पाणीपुरवठा नाही, लसीकरण) सांकेतिक भाषेतले छोटे व्हिडिओ आधीच चित्रित करून ठेवावेत आणि वेळ आली की फक्त तारीख-ठिकाणाची ओळ जोडून सोडावेत. आयुक्तांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रत्येक थेट प्रक्षेपणात दुभाषी असावा, आणि तो कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा नसावा. हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १० हजार शब्दांचा कोश केला आहे. दुभाष्यांची स्थानिक यादी जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळांच्या मदतीने करता येईल. मदत क्रमांकांवर संदेश आणि व्हिडिओ कॉल स्वीकारले जावेत. ‘फोन करा’ हा पर्याय कर्णबधिराला पर्याय नसतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी मागणी छोटी आहे. १९७७पासून या शहरात प्रबोधिनीसारखी शाळा आहे, तिथले शिक्षक एक गोष्ट चार सोप्या वाक्यांत कशी सांगायची हे जाणतात. मागणी ८ : प्रत्येक योजनेचे एक पान सोप्या मराठीत, छोट्या वाक्यांत, चित्रांसह असावे, आणि ते अशा शिक्षकांकडून तपासून घ्यावे.

ओटीपी कुणाच्या हातात

संकेतस्थळावर अर्ज भरताना चित्रातली वाकडी अक्षरे ओळखायला सांगतात. आवाजाचा पर्याय असला तर तो बहुधा इंग्रजीत असतो. ओटीपी येतो, तो ऐकून टाइप करेपर्यंत वेळ संपते. ज्याचा हात थरथरतो त्याची वेळ आणखी लवकर संपते. मग जवळच्या सेवा केंद्रात जावे लागते आणि तिथे फोन, पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचा पिन, सगळे दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. आमच्या एका सभासदाच्या खात्यातले निवृत्तिवेतन असेच कुणीतरी काढले. तक्रार करताना तिला विचारले गेले, “पिन तुम्हीच दिला ना?” दिला होता. न देता अर्ज भरण्याची वाट तिच्यासाठी ठेवलीच नव्हती.

मागणी ९. महापालिका, जिल्हा परिषद आणि कुंभमेळा प्राधिकरणाच्या सेवांमध्ये चित्रातला कॅप्चा सक्तीचा नसावा. असलाच तर मराठी आवाजाचा पर्याय हवा. ओटीपीची मुदत वाढवून मागता यावी. चेहरा ओळखताना डोळे मिचकावण्याची अट ज्यांना शक्य नाही त्यांना दुसरा मार्ग मिळावा आणि अंगठ्याचा ठसा स्वीकारला जावा. प्रज्ञा प्रसून निकालात याच दिशेचे निर्देश आहेत.

मागणी १०. तक्रार नोंदवण्याच्या ॲपांत फोटो आणि नकाशावरची खूण सक्तीची नसावी. दृष्टिहीन माणसाला उघडे चेंबर सर्वांआधी कळते, दुर्दैवाने पायाला कळते. पण ‘फोटो जोडल्याशिवाय तक्रार स्वीकारली जाणार नाही’ असे यंत्र म्हणते. आम्हाला माहिती फक्त घ्यायची नाही, द्यायचीही आहे. ‘अमुक शाळेच्या फाटकापासून उजवीकडे तिसरा खांब’ हे बोलून किंवा लिहून सांगितलेले पुरावा म्हणून चालावे.

मागणी ११. माहिती अधिकार अधिनियम, २००५चे कलम ७(४) संवेदी अपंगत्व असलेल्या अर्जदाराला माहिती मिळवण्यासाठी साहाय्य देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक करते. व्यवहारात दृष्टिहीन अर्जदाराला झेरॉक्सचा गठ्ठा टपालाने येतो. अर्जात मागितल्यास उत्तर ईमेलने, मजकूर स्वरूपात मिळावे, असे परिपत्रक काढावे.

खर्च, आणि एक सावधगिरी

खर्चाचे कारण पुढे येईल, म्हणून आधीच. मजकूर टाकायला पैसे लागत नाहीत. व्हिडिओ, तपासणी आणि दुरुस्तीला लागतात. ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ५ टक्के दिव्यांग निधीतून घेऊ नयेत. तो निधी व्यक्तींच्या उपयोगासाठी आहे; संकेतस्थळ वापरण्यायोग्य करणे हा संकेतस्थळाचाच खर्च आहे आणि तो त्याच्या कंत्राटातच असायला हवा. आमच्याच ताटातले आम्हाला वाढून उपकाराची भाषा ऐकायची आमची तयारी नाही.

सावधगिरी अशी : संकेतस्थळाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह आणि अ लहान-मोठा करणारी बटणे बसवून ‘दिव्यांगस्नेही’ जाहीर करणारी तयार साधने विकली जातात. ती पायऱ्यांवर रंगाने रॅम्प काढण्यासारखी आहेत. आमच्या फोनमध्ये अक्षर मोठे करायची सोय आधीपासून आहे. आम्हाला हवे आहे ते आतले काम : बटणांना नावे, चित्रांना वर्णने, तक्त्यांना शीर्षके, अर्जातल्या चौकटींना लेबले, आणि कीबोर्डने सगळीकडे जाता येणे.

मागणी १२. पहिल्या अमृतस्नानाच्या किमान सहा महिने आधी सिंहस्थाची सर्व संकेतस्थळे आणि ॲपे प्रमाणित व्यावसायिकांकडून तपासून घ्यावीत, आणि तपासणीत दृष्टिहीन, कर्णबधिर आणि हातांच्या हालचाली मर्यादित असलेले प्रत्यक्ष वापरकर्ते असावेत. अहवाल जाहीर करावा. नव्या कंत्राटांत ही चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय अंतिम देयक अदा होणार नाही अशी अट असावी.

चाचणीला आमचे सभासद येतील. सातपूरला नॅबच्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) महाराष्ट्र शाखेचे काम आहे, गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे. स्क्रीन रीडरवर तरबेज माणसे या जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत. मात्र चाचणी हे कौशल्याचे काम आहे आणि त्याचे मानधन मिळाले पाहिजे. चहा, शाल आणि नारळ यावर ते होणार नाही.

या पत्रावर ३० दिवसांत संयुक्त बैठक बोलवावी. बैठकीला सांकेतिक भाषेचा दुभाषी असावा, तळमजल्यावरचे किंवा लिफ्टचे सभागृह असावे, आणि विषयपत्रिका तीन दिवस आधी ईमेलने युनिकोड मजकुरात मिळावी. कोणत्या मागण्या लगेच मान्य, कोणत्यांना किती वेळ लागेल आणि कोणत्या अमान्य व का, हे बैठकीनंतर लेखी कळवावे. उत्तर न आल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालील राज्य आयुक्तांकडे तक्रार दाखल करण्याचा ठराव आमच्या सभेने केला आहे.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
(सही व अंगठ्याचे ठसे सोबत)

प्रत माहितीस्तव :
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई